खुलासा: गेममधली सूर्यमाला मोजपट्टीने मोजू नका

खानदेशातल्या शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सूर्यमालेच्या गेमचा एक स्क्रीनशॉट फिरतोय: 'चित्र प्रमाणात आहे, मुलांना मोजपट्टीने अंतरं काढायला लावा.' हे चूक आहे.

सूर्य-पृथ्वी अंतर सूर्याच्या व्यासाच्या सुमारे १०७ पट. १९२० पिक्सेल रुंद पडद्यावर ते बसवलं तर सूर्य जेमतेम १८ पिक्सेलचा, पृथ्वी पिक्सेलच्या सहाव्या हिश्श्याएवढी, दिसणारच नाही. म्हणून गेमवाले ग्रह फुगवतात, अंतरं आवळतात. लबाडी नाही ती. ग्रहांचा क्रम शिकवायला चित्र उत्तमच.

अंतरासाठी मैदान गाठा. १ मीटर व्यासाचा सूर्य आखा, १०७ मीटरवर डॉलर हरभऱ्याचा ९ मिलिमीटरचा दाणा ठेवा (ज्वारीचा लहान पडतो). नेपच्यून सव्वातीन किलोमीटरवर, बहुधा शिवाराबाहेरच!

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तिथे हा टाका.