पहिल्या पानावर बायोडेटा नको

"ओंकार नववीत होता. उंच, गोरा, अभ्यासात हुशार. बाबा बँकेत, आई शिक्षिका." कुमारांसाठीच्या मराठी कादंबऱ्या अजूनही बरेचदा अशाच सुरू होतात. ही पात्राची ओळख नाही, स्थळाची माहिती आहे. नववीतला वाचक चौथ्या ओळीला मोबाइल उचलतो आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

सुझन कॉलिन्सच्या 'द हंगर गेम्स'चं (2008) पहिलं प्रकरण याच नजरेनं वाचून बघा. 16 वर्षांची कॅटनिस स्वतःच बोलतेय. घरातलं मांजर आणलं तेव्हा तिनं ते बादलीत बुडवून मारायचा प्रयत्न केला होता, कारण खाणारं आणखी एक तोंड परवडणारं नव्हतं. धाकटी बहीण रडली म्हणून मांजर वाचलं. झाली ओळख! मुलगी कठोर आहे आणि बहिणीपुढे तिचं काही चालत नाही.

मग सोडतीचा हिशेब. या सोडतीत ज्याचं नाव निघेल त्या मुलाला जीवघेण्या खेळात उतरावं लागतं. बाराव्या वर्षापासून दरवर्षी नावाची एक चिठ्ठी सक्तीची. वर्षाचं धान्य-तेल हवं असेल तर माणशी एक जादा, आणि जुन्या चिठ्ठ्या साचतच जातात. कॅटनिसच्या नावाच्या 20 झाल्यात. घरची परिस्थिती या एका आकड्यात आली. काळे केस, करडे डोळे वगैरे येतं, पण खाणवस्तीतले लोक आणि व्यापाऱ्यांची मुलं वेगळी कशी दिसतात हे सांगताना. प्रकरण संपताना नाव निघतं ते बहिणीचं, जिची एकच चिठ्ठी होती. आता पान उलटायचं थांबवून दाखवा.

आपल्याकडे भा. रा. भागवतांना ही युक्ती पक्की ठाऊक होती. त्यांचा फुरसुंगीचा बनेश, म्हणजे फास्टर फेणे, 'ट्टॉक्' करतो आणि कोण बोललं ते सांगावं लागत नाही.

लिहिणाऱ्यांनी नावांकडे जरा लक्ष द्यावं. पहिल्या प्रकरणात तीन-चार पुरेत. सायली, सानिका आणि साक्षी एकाच वर्गात बसवल्या की वाचक पाचव्या पानावर घोळ घालणार, कारण डोळा आधी पहिलं अक्षर टिपतो. नायकाचं वय वाचकापेक्षा एक-दोन वर्षांनी जास्तच ठेवा. आठवीतल्या मुलाला सहावीतल्या पोराची गोष्ट 'लहान मुलांची' वाटते.

भाषेचं म्हणाल तर आजची स्लँग पुस्तक छापून येईपर्यंत शिळी होते. त्यापेक्षा या वयातलं टाळणं पकडा. "काय झालं?" "काही नाही." आणि दार आपटल्याचा आवाज. तिथे लेखकानं "तिला फार वाईट वाटलं" असं जोडलं की सगळं मुसळ केरात.

शेवटी काका किंवा सर येऊन गुंता सोडवतात, तेही नको. मोठ्यांना घरात ठेवा, प्रेमळही ठेवा, पण निर्णयाच्या क्षणी ते हाताशी नसावेत. मोबाइलमुळे हे अवघड झालंय खरं. एका फोनवर रहस्य सुटतं. म्हणून मुलानं फोन का केला नाही याचं कारण त्याच्या स्वभावात हवं: लाज, हट्ट, मित्राला दिलेला शब्द. "तिथे रेंज नव्हती" हे आता आठवीतलं पोरगंही खपवून घेत नाही.