पाळणाघराचे पैसे खात्यात टाकू नका, पगारात टाका

अंगणवाडी दुपारी सुटते. गोव्यात वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतून कंपनीची बस वाळपईला पोचेपर्यंत संध्याकाळ होते. मधले तास कुणाचे? आजीचे, शेजारणीचे, नाहीतर नोकरी सोडलेल्या आईचे. शिवाय अंगणवाडीत बसतं ते 3 ते 6 वर्षांचं मूल. त्याहून लहानाला घरी नेण्याचा आहार मिळतो, सांभाळणारं माणूस मिळत नाही.

या प्रश्नावर आपल्याकडे उत्तर येतं ते रोख रकमेचं. राज्याच्या गृहआधार योजनेत गृहिणींना मिळणारे महिना 1500 रुपये महागाईवर उतारा म्हणून आहेत, त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण ज्या गावात पाळणाघरच नाही तिथे पालकाच्या खात्यात पैसे टाकून पाळणाघर उगवत नाही. आणि जिथे आहे, तिथे फी वाढते.

आता एका पाळणाघराच्या महिन्याच्या खर्चाचा हिशेब मांडू. 25 मुलं, त्यातली 10 तीन वर्षांखालची. केंद्राच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तीन वर्षांखालच्या 10 मुलांमागे एक आणि वरच्या 20 मुलांमागे एक प्रशिक्षित सांभाळणारी हवी. म्हणजे दोन बायका पुरल्या? कागदावर पुरल्या. प्रत्यक्षात पाळणाघर दहा तास उघडं आणि बाईची ड्युटी आठ तासांची. एक जेवायला बसली, दुसरी एकाची शी धुवायला गेली की उरलेली 24 मुलं आणि वाटीतली पेज यांच्याकडे बघायला कोणी उरत नाही. प्रमाण पटावर मोजू नये, तासातासाला मोजावं. म्हणून तीन सांभाळणाऱ्या आणि एक मदतनीस.

पगार तिघींना 18,000 आणि मदतनिसाला 15,000 धरला तर 69,000. पीएफ, ईएसआय मिळून साधारण 80,000. खाणं माणशी दिवसाला 40 रुपयांनी 25 दिवसांचे 25,000. वीज, साबण, खेळणी, दुरुस्ती 8,000. रजेच्या बदली बाईसाठी 5,000. एकूण 1,18,000, मुलामागे पावणेपाच हजारांच्या आत-बाहेर. भाडं धरलेलं नाही, खोली पंचायतीची. दोन-तृतीयांश खर्च पगारात जातो, त्यामुळे काटकसर करायची म्हटली की कात्री तिथेच लागते आणि दर्जा तिथेच पडतो.

केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीला जोडलेल्या पाळणाघरातल्या सेविकेला 5,500 आणि मदतनिसाला 3,000 मानधन आहे, तेही केंद्र 60, राज्य 40 या वाट्याने. एवढ्यात कुंडईच्या कारखान्याऐवजी पाळणाघर कोण निवडेल? राज्याने फरक स्वतःच्या तिजोरीतून भरावा. पालकांची फी उत्पन्नावर ठरावी. स्वीडनने 2002 पासून पहिल्या मुलासाठी उत्पन्नाच्या 3 टक्क्यांची कमाल मर्यादा घातली. आपल्याकडे महिना 30,000 च्या घराला ती 900 रुपये पडेल. सरासरी फी 1,200 धरली तरी 30,000 जमतात. उरलेले 88,000 कुठून?

त्यातला एक भाग कारखान्यांचा. 50 कामगारांच्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करावी लागते, ही अट मातृत्व लाभ कायद्याच्या 2017 च्या दुरुस्तीपासून आहे आणि 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेच्या कलम 67 मध्येही आहे. त्याच कलमात अनेक आस्थापनांनी मिळून सामायिक पाळणाघर चालवण्याची मुभा आहे. गोम अंतरात आहे. पाळणाघर ठरावीक अंतरात हवं, आणि ते अंतर नियमांनी ठरतं. म्हणून ते वेर्ण्याच्या वसाहतीतच उभं करायचा मोह होतो. वाळपईची आई पहाटेच्या बसमधून तान्हं मूल वेर्ण्याला नेणार नाही, आणि मग ‘मागणीच नाही’ असा शेरा फायलीत जातो. बस जिथून सुटते त्या गावातलं पाळणाघरही नियमात बसवा आणि कारखान्यांची वर्गणी तिकडे वळवा. 50 ची मोजणी बायका-पुरुष मिळून आहे हे बरं. जुन्या कारखाना कायद्यात 30 हून अधिक बायका हा निकष होता, म्हणजे एकतिसावी बाई न घेण्याचं कारण सरकारनेच मालकाच्या हातात दिलं होतं.

अनुदान हजेरीवर देऊ नका. जुलैत ताप येतो, चवथीत गाव रिकामा होतो, मजुरांची मुलं मुलखाला जातात. हजेरी निम्म्यावर येते, पगार तेवढाच राहतो. मग एक तर बाई सोडून जाते किंवा रजिस्टरमध्ये खोटी नावं वाढतात. मंजूर जागांवर 80 टक्के, तिमाही आगाऊ, आणि 20 टक्के हजेरीवर, असं ठेवा. विनियोग प्रमाणपत्र, म्हणजे अनुदान कशावर खर्च झालं याचा दाखला, कुठल्या टेबलावर अडकेल सांगता येत नाही, त्यामुळे तीन महिन्यांचा पगार प्रत्येक केंद्राच्या खात्यात राखीव हवा.

कॅनडातल्या क्वेबेक प्रांताने 1997 मध्ये दिवसाला पाच डॉलर फी ठरवून अनुदानित पाळणाघरं सुरू केली. आया कामावर परतल्या, पण जागा अपुऱ्या पडल्या आणि नफ्यावर चालणाऱ्या केंद्रांचा दर्जा ना-नफा केंद्रांपेक्षा खाली राहिला. आपण सुरुवातीलाच पंचायत, महिला मंडळ, स्वयंसाहाय्य गट यांनाच अनुदान दिलं तर तो घोळ टळेल.

ग्रामसभेत खोली मागताना वरच्या मजल्यावरचा हॉल फुकट मिळाला तरी घेऊ नका. तळमजला, मुलामागे किमान 12 चौरस फूट म्हणजे खोलीत 300 चौरस फूट मोकळी जागा, स्वयंपाकाची जागा वेगळी, संडास आतून लागून, आणि आवारात विहीर असेल तर तिच्यावर जाळी.