मांगराला भाव आहे

परवा माझ्या घराची किंमत झाली. शून्य.

मे महिना, कौलं परतायला कुडाळजवळच्या गावी गेलो होतो. दारात टेम्पो थांबला आणि जुनी दारं, खांब विकत घेणारे एक गृहस्थ उतरले. "काही विकायचं नाही" म्हणेपर्यंत ते ओटीवर पोचले. मागोमाग शेजारचे आबा. आबांना आमंत्रण लागत नाही, टेम्पो पुरतो.

गृहस्थांनी नखाने भिंत टोकरली. "आत जांभा दगडच ना? वर सिमेंट कुणी थापलं?"

"ह्येंनीच केल्यानी," आबांचं बोट माझ्याकडे. "मी तेवाच सांगललंय, नुको म्हणान."

सांगितलं नव्हतं. उलट गवंडी आबांचाच भाचा होता!

"आणि ही चकचकीत फरशी?"

"तीपण ह्येंचीच."

"सारवलेली जमीन होती?"

"आरशासारकी," आबा म्हणाले आणि चक्क उसासा टाकला. त्या जमिनीवर शेण कालवायला ते एकदाही आले नव्हते.

जांभ्याचं एक आहे. खाणीतून निघतो तेव्हा मऊ, हवा लागली की टणक. 1807 साली बुकानन नावाच्या साहेबाने त्याला लॅटिनमधल्या विटेवरून 'लॅटराइट' म्हटलं. आबाही त्याच जातीचे. घरात काकींपुढे मऊ, बाहेरची हवा लागली की टणक. असो. सिमेंटने ओल आत कोंडते हे मला आता कळतं. तेव्हा दर दिवाळीला चुना काढायला कोण येणार होतं? असेसमेंटला, म्हणजे घरपट्टीच्या उताऱ्याला, अकरा नावं आहेत. 'वडिलोपार्जित आहे, विकायचं नाही' हे अकराही जण सांगतात. वांदरांनी फोडलेल्या कौलांचे पैसे मागितले की फोनला रेंज नसते.

गृहस्थ मागे गेले. गोठा, खळं, न्हाणीजवळची दगडी डोण, सगळीकडून हात फिरवला. गवत साठवायच्या मांगराशी मात्र देवळात थांबावं तसे थांबले. उघडे चिरे, जुने वासे, खाली गवत. मी पैसे नसल्यामुळे हात न लावलेली एकमेव वास्तू.

"हा देत असाल तर बोला. चिरे मोजून घेऊ."

"आणि घर?"

"घर राहू दे तुम्हाला."

आबा इतके हसले की पान सांडलं, माझ्याच फरशीवर.

रात्री वळीव कोसळला. घर तीन ठिकाणी गळलं. बॅटरी घेऊन मांगरात जाऊन पाहिलं. गवत कोरडं ठणठणीत.