ड्रॅग-ड्रॉप तुमचं, ऑल्टर टेबल मात्र आमच्या गळ्यात

यापुढे मला कोणी ते "टॉप १० ओपन सोर्स डेव्हलपर टूल्स"चं कोष्टक फॉरवर्ड केलं ना, तर मी रामकुंडावर जाऊन लॅपटॉपचं विसर्जन करणार आहे. खरंच सांगतो. त्या कोष्टकात नोड-रेड, एन-एट-एन, फ्लायवे, लिक्विबेस सगळे एका रांगेत बसवलेले, पुढे हिरव्या टिका, "वापरायला सोपं" टिक, "नो कोड" टिक, गिटहबचे स्टार किती. अरे पण नोड-रेड आणि एन-एट-एन डबे जोडून काम करून देतात, फ्लायवे आणि लिक्विबेस डेटाबेसच्या टेबलांची रचना क्रमाने बदलतात, त्यांची तुलना काय करताय, पाण्याची टाकी चांगली की प्लंबर चांगला असं विचारतं का कोणी? आणि हे कोष्टक नेमकं आमच्या सरांनाच सापडतं. मग सकाळी सकाळी, "कोड लिहायचाच नाहीये म्हणे यात, मग आठ दिवस कशाला मागतोयस?"

आमचं काम काही फार मोठं नाही. पिंपळगाव बसवंतकडचं एक द्राक्षांचं पॅकहाऊस. काट्यावर क्रेट ठेवला की वजन सिरियल पोर्टवरून येतं, नोड-रेड ते वाचतं, मायएसक्यूएल नावाच्या डेटाबेसमध्ये टाकतं आणि संध्याकाळी कुठल्या बागायतदाराचा किती माल आला त्याचा रिपोर्ट निघतो. नोड-रेड या कामाला झकास आहे, त्यात वाद नाही. आयबीएममधल्या दोघांनी २०१३ मध्ये असल्याच उद्योगासाठी बनवलं, अपाचे लायसन म्हणजे वापरायला मोकळं, जुनाट डबड्या मशीनवरही चालतं, ब्राउझरमध्ये १८८० पोर्ट उघडा, डब्याला डबा जोडा, डिप्लॉय दाबा, झालं. पहिल्या दिवशी टाळ्या मीच वाजवल्या होत्या.

मग ऐन सीझनमध्ये पॅकहाऊसचे शेठ म्हणाले, रिकाम्या क्रेटचं वजन वजा करून निव्वळ वजन वेगळं दिसलं पाहिजे. रास्त आहे. टेबलमध्ये "वजन" नावाचा कॉलम होता, तर आमच्यातल्या एका शहाण्याने (मीच तो, जाऊ द्या) ठरवलं की त्याचं नाव "ढोबळ वजन" करायचं आणि शेजारी "निव्वळ वजन" टाकायचा. फ्लायवेमध्ये नवीन फाइल, व्ही-२३ म्हणजे तेविसावा बदल, दोन ओळी. चालवली. हिरवं. मायग्रेशन, म्हणजे टेबलातला बदल, लागलं म्हणून सांगितलं त्याने, मी खाली चहाला गेलो.

चहा अर्धा असतानाच पॅकहाऊसच्या सुपरवायझरचा फोन. "दादा, काटा चालूये, स्क्रीनवर आकडा पण येतोय, पण यादीत काहीच पडंना."

येणार कसं यादीत! नोड-रेडचा मायएसक्यूएलवाला डबा क्वेरी (डेटाबेसला द्यायचा हुकूम) घेतो आधीच्या डब्याकडून आलेल्या मेसेजच्या टॉपिकमधून, आणि ती क्वेरी लिहिलेली असते त्याच्या आधीच्या फंक्शन डब्याच्या पोटात, डबल क्लिक केल्याशिवाय दिसत पण नाही. चित्रात काय दिसतं? तीन रंगीत डबे आणि दोन तारा, अगदी बालवाडीच्या भिंतीवर लावावं असं. आत जुनं "वजन" तसंच बसलेलं. फ्लायवेला डब्यांबद्दल काही माहीत नाही, डब्यांना फ्लायवेबद्दल काही माहीत नाही, दोघं आपापल्या घरी हिरवे. एरर येत होता की, प्रत्येक क्रेटला येत होता, पण तो जातो डीबगच्या साइडबारमध्ये, आणि द्राक्षांचे क्रेट उचलणारा माणूस डीबगचा साइडबार उघडून बसेल का? एरर पकडणारा डबा, कॅच नोड, लावायला हवा होता. लावला नव्हता. नो कोड ना, मग एरर हँडलिंग पण नो.

नाशकातच द्वारका चौकात ट्रॅफिक, पुढे खोदकाम, तिथे पोचेपर्यंत जीव गेला. वाचवलं कोणी माहितीये? काट्यावरच्या पोराने. तो सवयीने प्रत्येक क्रेट वहीत लिहीत होता, सॉफ्टवेअर आल्यावरही त्याने वही सोडली नव्हती. रात्री साडेदहापर्यंत मी त्या वहीतल्या ओळी हाताने टाइप करत बसलो, आणि त्याचा १ आणि ९ इतका सारखा की दर चौथ्या ओळीला त्याला हाक मारायची, "हे एकोणीस का अकरा रे?"

बरं, मायग्रेशनची टूल्स काय कमी छळतात का? आमच्या एकाने जुन्या व्ही-१४ फाइलमधल्या कमेंटमध्ये "द्राक्श"चं "द्राक्ष" केलं. फक्त कमेंट हां, एसक्यूएलला हात नाही. पुढच्या डिप्लॉयला, म्हणजे नवीन बदल चालू सिस्टिमवर चढवताना, फ्लायवे आडवं पडलं, चेकसम जुळत नाही म्हणून. ते फाइलचा चेकसम, म्हणजे मजकुरावरून काढलेला एक आकडा, काढून आपल्या हिस्ट्रीच्या टेबलमध्ये ठेवतं आणि त्यात कमेंटसुद्धा धरलेली असते, एकदा लागलेल्या फाइलला हात लावू नये हा नियम, आणि नियम बरोबरच आहे, मला मान्य आहे, पण शुद्धलेखन सुधारलं म्हणून डिप्लॉय थांबतं हे मी सरांना कसं समजावणार? रिपेअरची कमांड मारा, ती हिस्ट्रीतली नोंद जुळवून घेते, पुढे जा.

मग दोघांनी आपापल्या ब्रांचमध्ये, म्हणजे कोडच्या वेगवेगळ्या प्रतीत, व्ही-२४ बनवलं. भांडण. म्हणून नंबरऐवजी तारीख-वेळ टाकायला लागलो, तर ज्याची तारीख आधीची पण मुख्य कोडात मर्ज नंतर झालं, ती फाइल बघून फ्लायवे म्हणतं ही मागून आली, चालणार नाही, आउट ऑफ ऑर्डर (क्रम मोडायची परवानगी) चालू करा. आमच्या नाशकात कुंभमेळ्यासाठी आधी रस्ता करतात आणि मग पाइप टाकायला तोच रस्ता फोडतात, त्याला कोणी आउट ऑफ ऑर्डर म्हणून अडवत नाही!

आणि मायएसक्यूएलची गंमत वेगळीच. एका फाइलमध्ये तीन ऑल्टर (टेबलची रचना बदलणारे हुकूम) लिहा, दुसरा फसला तर पहिला परत येत नाही, कारण प्रत्येक ऑल्टरला तिथे आपोआप कमिट होतं, म्हणजे बदल पक्का होतो. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये असले बहुतेक बदल ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे एकत्र बांधून, होतात, फसलं की सगळं मागे. आमच्याकडे मायएसक्यूएल का? शेठच्या जुन्या अकाउंटवाल्याने टाकलं होतं म्हणून. तर आता टेबल अर्धं नवीन अर्धं जुनं, हिस्ट्रीत "फेल्ड" लिहिलेलं, हाताने निस्तरा आणि परत रिपेअर. मागे फिरायचं बटण शोधलं, तर फ्लायवेमध्ये अन्डू पैसे भरणाऱ्यांसाठी. कोष्टकात टिक होती बरं का, "रोलबॅक", हिरवी, त्याखाली बारीक अक्षरात काहीच नाही.

म्हणून लिक्विबेस करून बघितलं. २००६ पासूनचं टूल, मुरलेलं. कॉलम वाढवला, नाव बदललं, असल्या बदलांचा रोलबॅक ते स्वतःच काढतं, छान. पण साध्या एसक्यूएलमध्ये लिहिलं की रोलबॅकही तुम्हीच लिहा, आणि टेबल उडवलं असेल तर ते परत कसं आणायचं हे त्याला तरी कुठून कळणार. ते मायग्रेशन चालवताना एका टेबलमध्ये लॉक घेतं, दोघांनी एकाच वेळी चालवू नये म्हणून. आमची मध्येच लाइट गेली. लाइट आली, लॉक तसाच. स्क्रीनवर "वेटिंग फॉर चेंजलॉग लॉक", परत "वेटिंग", परत "वेटिंग", पाच मिनिटं वाट बघून हात वर. रिलीज-लॉक्सची कमांड आहे, एका ओळीची, पण ती माहीत नसलेला माणूस काय करेल? मीच त्या दिवशी तासभर काय काय करत होतो ते न सांगितलेलं बरं.

पायथनवाला मित्र म्हणतो अलेम्बिक घे, मायग्रेशन आपोआप लिहून देतं. देतं ना! कॉलमचं नाव बदललं तर त्याला ते कळत नाही, जुना कॉलम उडवा आणि नवीन टाका असं लिहून देतं, न वाचता चालवलं तर डेटा गेला. पायथनचंच जँगो निदान विचारतं तरी, नाव बदललं का रे बाबा म्हणून.

तिकडे सरांचं एन-एट-एनचं वेड अजून गेलेलं नाही. "ओपन सोर्सच आहे ना." नाही सर, कोड उघडा आहे पण २०२२ पासून सस्टेनेबल यूज लायसन आहे, ते स्वतःच त्याला फेअर-कोड म्हणतात, स्वतःच्या धंद्यात वापरा पण त्याचीच सेवा करून विकायला जाल तर अडाल, आणि तुमचा प्लॅन तोच आहे. लिक्विबेसच्या कम्युनिटी एडिशननेही २०२५ मध्ये पाचव्या व्हर्जनला अपाचे सोडलं. कोष्टकात दोघांपुढेही टिक.

आणि डब्यांचं गिट, म्हणजे कोणी काय बदललं याची नोंद! फ्लो म्हणजे शेवटी एक जेसन फाइल, त्यात प्रत्येक डब्याची जागा, एक्स आणि वाय. मी क्वेरी बदलली, दुसऱ्याने दिसायला नीट नाही म्हणून सगळे डबे थोडे उजवीकडे सरकवले, झाला डिफ (बदलांची यादी) पानभर, आता शोधा त्यात माझी एक ओळ. मर्ज करताना तार तुटली तर कळायला परत उघडून बघायचं.

शेवटी काय केलं सांगू? "वजन" परत "वजन" केला. निव्वळ वजनाचा कॉलम नुसता वाढवला, जुन्याला हात नाही, रिपोर्टला एक व्ह्यू (टेबलवरून काढलेली वेगळी मांडणी) काढून दिला, त्यात दोन्ही नावं सुंदर दिसतात, शेठ खूश. क्वेऱ्या सगळ्या एका डब्यात आणल्या आणि कॅच नोड लावला, एरर आला की सुपरवायझरच्या स्क्रीनवर लाल पट्टी येते. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं, माहितीये मला, सांगू नका.

निघताना काट्यावरच्या पोराला सांगून आलो, वही बंद करू नको. फक्त तो ९ जरा नीट काढ.