गॉडझिलाची खांदशेकणी

पोळ्याला चार दिवस उरले असताना भाच्याने जाहीर केलं, की यंदा तान्ह्या पोळ्यात, म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या पोरांच्या पोळ्यात, तो लाकडी बैल नेणार नाही. गॉडझिला नेणार.

"मामा, तू करून दे. मातीचा. अन् तोंडातून जाळ निघाला पाहिजे त्याच्या."

लहानपणी मी मातीचे बैल करायचो. ते बैल आहेत हे प्रत्येकाला सांगावं लागायचं, एवढीच गोष्ट मी विसरलो होतो. वावरातून घमेलंभर काळी माती आणली, मोबाइलवर फोटो उघडला आणि ओसरीत बैठक मारली.

सिनेमातला पहिला गॉडझिला पन्नास मीटर उंच. माझा जेमतेम वीतभर झाला आणि अर्ध्या तासात बसला. म्हणजे खरंच बसला, जेवायला बसावं तसा. उभा केला, पुन्हा बसला. तेव्हा शेपटीचा तिसरा पाय करायचं ठरवलं, तर शेपटीच गळून पडली. १९५४ च्या त्या जपानी सिनेमात रबरी सोंगाचं वजन सुमारे शंभर किलो होतं म्हणे. आतल्या नटाला धड चालता येत नसे आणि शेपटी वरून तारांनी हलवावी लागे. हे वाचून मला धीर आला. मीही शेपटीला सुतळी बांधून ती खुंटीला अडकवली.

माय पाणी घेऊन आली. "हे कोनाले बांधून ठेवलं बापा?"

पाठीवरचे काटे मातीचे टिकेनात, म्हणून छपराच्या फुटक्या कवेलूचे तुकडे खोचले. त्यांच्या वजनाने गडी उताणा पडला. मग पोटात दगड भरला. तोवर गावातले परीक्षक जमायला लागले होते. एकाला घोरपड दिसली, एकाला अननस. शेजारचे काका बराच वेळ निरखून म्हणाले, "गणपती बरा झाला. सोंड बसवाची राहिली काय गा?" या गणपतीवर मी चार तास घालवले होते. मी काही बोललो नाही.

रात्रभर वाळत ठेवला. आता काळ्या मातीचा स्वभाव मला ठाऊक नाही असं नाही. पाणी प्याली की फुगते, वाळली की आकसते. उन्हाळ्यात वावरात अशा भेगा पडतात की चप्पल आत जाते. पण आपल्या हातच्या मूर्तीला निसर्ग सूट देईल असं उगीच वाटत असतं. सकाळी बघतो तर टाळूपासून पोटापर्यंत वावर उललेलं.

गावातल्या कुंभाराने मान हलवली. "राख नाही, लीद नाही, चाळली बी नाही. तुमी एकदम देवच घडवाले बसले."

भाच्याला मात्र मी ठणकावून सांगितलं, की भेगा मुद्दाम पाडल्यात. हे अगदीच खोटं नव्हतं. मूळ गॉडझिला हायड्रोजन बॉम्बच्या चाचण्यांनी जागा झालेला, म्हणून त्याची कातडी भाजल्याच्या वणांसारखी खरबरीत केलेली. भाचा खूश झाला. "पण जाळ?" त्याने विचारलं. मी तोंडात काडी खुपसून भोक मोठं केलं, तर खालचा जबडा हातात आला.

पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदशेकणीच्या संध्याकाळी माय हळद-तूप घेऊन बैलांचे खांदे शेकत होती. भाचा गॉडझिला घेऊन रांगेत उभा.

"याचा खांदा कुठी आहे रे?"

भाच्याने बोट दाखवलं. मायने पळसाच्या पानाने हलकेच तूप लावलं आणि उजवा हात निखळून तिच्या ओंजळीत पडला. तिने तो शांतपणे बाजूला ठेवला आणि उरलेल्या राक्षसालाही रीतीप्रमाणे सांगितलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल चाकांच्या फळीवरून उतरवून त्यावर गॉडझिला बसवला. बसवायला लागलाच नाही, तो बसलेलाच होता. पहिल्या तीन घरी बोजारा, म्हणजे पोरांची ओवाळणी, मिळाला. चौथ्या घरच्या आजीने कुंकू लावलं, दहा रुपये दिले आणि हळूच विचारलं, "बैलाले काय झालं रे बाळा?"

मग पाऊस आला. समुद्रातून निघालेला तो राक्षस सरीला पाच मिनिटंही टिकला नाही. भाचा घरी आला तेव्हा फळीवर चिखलाचा ढीग होता आणि त्यात कवेलू.

मायने तो चिखल वाया जाऊ दिला नाही. चुलीचा काठ केव्हाचा ढासळला होता, तिथे तो थापला. दोन दिवसांनी भाकरी टाकायला चूल पेटवली, काड्यांनी पेट घेतला आणि तोंडातून वीतभर जाळ बाहेर आला.

भाचा पाटावरून उठून जवळ गेला. "मामा," तो म्हणाला, "आता जमला."