अंताल्याच्या सहलीला दोन तारे : आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुर्कस्तानातल्या अंताल्याची सहल आम्ही आखून दिली, तिच्यावरचा तुमचा अभिप्राय मी आणि माझ्या बायकोने दोनदा वाचला. पहिल्यांदा राग आला, म्हणून उत्तराला चार दिवस लावले. पाचपैकी दोन तारे आणि तक्रारी सहा: विमानतळावर गाडी नाही, खोलीपर्यंत लिफ्ट नाही, तिकिटांनी खिसा रिकामा केला, किनाऱ्यावर वाळूच नाही, शाकाहारी माणसाची उपासमार, आणि पहाटेची अजान. वर शेवटी, ‘एकाहत्तर वर्षांच्या सासूबाई सोबत आहेत, याचा यांना पत्ताच नाही.’

हे शेवटचं अगदी खरं आहे. फॉर्ममध्ये वय भरलेलं होतं. आम्ही वाचलं आणि पुढे सरकलो. त्यामुळे आधी आमच्या चुका.

माहितीपत्रकात पेर्गे आणि अस्पेन्दोस या प्राचीन शहरांच्या अवशेषांचे तिकीटदर तुर्की लिरात छापले होते, तेही जुने. २०२४ पासून तिथे परदेशी पाहुण्यांचा दर यूरोत असतो आणि तो आपल्याला चांगलाच जाणवतो. तिकीटखिडकीपाशी हिशेब करून तुमचे यजमान एकटेच अस्पेन्दोसच्या आत गेले आणि तुम्ही दोघी बाहेर चहा पीत बसलात, हे वाचून मला खरंच वाईट वाटलं. दुसऱ्या शतकातलं नाट्यगृह, रंगमंचामागची भिंत अजून पूर्ण उंचीची उभी. माणूस तिथवर जातो ते त्याच्यासाठीच. पेर्गेची तीन आणि अस्पेन्दोसचं एक, अशा चार तिकिटांमधला फरक तुमच्या खात्यावर परत करतो आहोत.

फोटोचंही तसंच. कोन्यालती किनाऱ्याचा म्हणून लावलेला फोटो लारा किनाऱ्याचा होता. लाराला वाळू आहे, कोन्यालतीला गोटे. फोटो काढून टाकला. (गोटे असले तरी किनारा फुकट आहे आणि समोर बेदाग्लारीचे डोंगर उभे असतात. पण पाण्यात उतरायला जुन्या चपला न्या, हे सांगायला हवं होतं. अनवाणी तिथे दोन पावलंही नीट टाकता येत नाहीत.)

आता सगळ्यात लागलेली गोष्ट. हे गाव कड्यावर वसलंय. पेर्गमॉनचा राजा दुसरा अत्तालोस याने इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात ते वसवलं. कडा वर आणि जुनं बंदर खाली, खाचेत. म्हणून कालेइची या जुन्या भागातून बंदरावर जायचं म्हणजे उतार आणि पायऱ्या आल्याच. तुम्ही लिहिलंय की सासूबाई दर दहा पायऱ्यांनी कठड्याला धरून थांबत होत्या, आणि वर येताना तर एका दुकानदाराने स्वतःचं स्टूल बाहेर आणून दिलं. ताई, जुम्हुरियत चौकाजवळून थेट बंदरावर उतरणारी काचेची लिफ्ट आहे. फुकट. आम्ही दोघं दर वेळी तिनेच जातो, आणि पत्रकात तिचा उल्लेखच नाही. आम्हाला इतकी सवयीची की लिहायची राहिली. याला माझ्याकडे काही सबब नाही.

पण उरलेल्या तक्रारींपुढे मान तुकवणार नाही.

गाडी नाही, कारण तुम्ही आमची सगळ्यात कमी खर्चाची योजना घेतलीत आणि तिच्यात पहिल्याच ओळीत ‘विमानतळावरून ट्रामने’ असं आहे. ट्रामने इस्मेतपाशाला उतरायचं, तिथून हेड्रियनचं दार पायी काही मिनिटांवर. रोमन सम्राट हेड्रियन इ. स. १३० मध्ये आला तेव्हा त्याच्यासाठी उभारलेल्या तीन कमानी. मधल्या कमानीखाली जुन्या फरशीत गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या खाचा अजून दिसतात. तुमच्या बॅगेचं चाक पुढच्या दगडी गल्लीत निखळलं, तेव्हा त्या गल्ल्यांचा आणि चाकांचा झगडा जुनाच म्हणायचा. विनोद बाजूला ठेवतो; चाकांच्या बॅगेऐवजी पाठीवरची सॅक न्या, एवढं आता पत्रकात सुरुवातीलाच टाकलं आहे.

खोलीपर्यंत लिफ्ट नाही, कारण तुम्ही राहिलात ते जुनं लाकडी घर आहे. अंगणात संत्र्याची झाडं आणि करकरणारा जिना, म्हणून तर लोक तिथे राहतात. तळमजल्याची खोली मात्र मागून घ्यायला हवी होती, आणि ते मागणं आमचं काम होतं. अजानीबद्दल काय सांगू? खोलीच्या खिडकीतून यिव्ली मिनार दिसतो म्हणून तुम्हीच दुसऱ्या दिवशी आम्हाला फोटो पाठवला होता. आठ पन्हाळ्या उभ्या कोरल्यासारखा विटांचा तो मिनार तेराव्या शतकापासून तिथे आहे. मिनार दिसेल आणि अजान ऐकू येणार नाही, अशी खोली आमच्या माहितीत नाही.

आणि उपासमार! बंदरावरच्या हॉटेलात बसून तिघांनी फ्रेंच फ्राइज आणि सॅलड खाल्लं, बिल बघून हबकलात. पाण्याला लागून बसलं की असंच होतं, मग ते कुठलंही बंदर असो. दोन गल्ल्या मागे जाऊन ‘लोकांता’त, म्हणजे तिथल्या साध्या खाणावळीत, शिरायचं. काचेमागे पातेली मांडलेली असतात, बोट दाखवलं की ताट भरतं. ‘एतसिझ’ म्हणजे बिनमांसाचं, हा एक शब्द पुरतो. ऑलिव्ह तेलात शिजवलेल्या फरसबीसारख्या भाज्या मिळतात. मसुराचं सूप म्हणजे आपल्या आमटीची फोडणी हुकलेली बहीण; फक्त ते मांसाच्या पाण्यात केलेलं नाही ना, हे विचारून घ्या. आणि अंताल्याचा खास पियाझ: बारीक पांढऱ्या घेवड्यावर तिळाच्या तहिनीचा आंबूस दाट रस. वर उकडलेलं अंडं घालतात, ते नको म्हणायचं. पाव मागाल तेवढा टोपलीत येतो. हे सगळं पत्रकात होतं, पण चौथ्या पानावर. तिथवर कोणी वाचत नाही, हे आता कळलं.

तारे बदलायची विनंती करत नाही. तिकिटांचे पैसे सोमवारपर्यंत येतील. चाकाच्या दुरुस्तीची पावती असेल तर तीही पाठवा, आणि सासूबाईंचे गुडघे आता कसे आहेत ते कळवा.