वजनावर डोस ठरवणं पुरेसं नाही

कुत्र्यांच्या हृदयाच्या औषधांवरच्या एका लेखात डोस वजनावरून कसा काढतात ते छान समजावलंय, पण जनुकांचा भाग एका ओळीत उरकलाय. मला तोच खरा महत्त्वाचा वाटतो.

कॉली या मेंढपाळ कुत्र्यांचंच घ्या. या जातीत एमडीआर-१ नावाच्या जनुकात डीएनएची ४ अक्षरं गळालेली असणं अगदी सर्रास आढळतं. २००१ मध्ये हे समोर आलं ते आयव्हरमेक्टिन कॉलींना बाधत असल्यामुळे. गोचिडांसाठी आपल्याकडेही बिनधास्त टोचतात तेच इंजेक्शन. या जनुकापासून बनणारं प्रथिन पंपासारखं काम करतं, औषधाला मेंदूत शिरू देत नाही, शिवाय पित्त आणि लघवीवाटे बाहेर काढायला मदत करतं. डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध बाहेर पडायला याच पंपावर अवलंबून. पंप बिघडलेला असला, की नेहमीचा डोससुद्धा अंगात साठू शकतो. आधी भूक जाते, उलट्या होतात, मग ठोके बिघडतात. घरच्यांना वाटतं, हृदयाचा आजारच बळावला!

ठोके मंदावणाऱ्या अटेनोलॉलच्या बाबतीतही जनुकं महत्त्वाची. ते हृदयाच्या पेशींवरच्या ज्या बीटा-१ ग्राहीवर (रिसेप्टरवर) काम करतं, त्याच्या जनुकात काही कुत्र्यांमध्ये छोटा तुकडा नसतो आणि त्यांचे ठोके जास्त मंदावतात. फुप्फुसातल्या वाढलेल्या रक्तदाबासाठीच्या सिल्डेनाफिलबाबतही (हो, व्हायग्रा म्हणतात तीच ती गोळी) पीडीई-५ए जनुकानुसार प्रतिसादात फरक दिसलाय.

आमच्या कॉलीची एमडीआर-१ चाचणी गालाच्या आतून कापूस फिरवून झाली, अर्ध्या मिनिटात. जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक सदोष निघाली. आता चाचणीचे कागद तिच्या लसीकरणाच्या पुस्तकातच चिकटवलेत. डॉक्टर बदलले तरी पहिलं पान तेच उघडायचं.